आर्किमिडीज आणि आमच्या गाईचे दूध



मी आज एका थोर शास्त्रज्ञाची गोष्ट सांगणार आहे. पण आधी माझी फजिती ऐका.

आईला ताप होता म्हणून एकदा मी दूध घालायला गेले. धार काढली नि तशीच किटली घेऊन पळत सुटले. तिथल्या दादांनी दुधात लॅक्टोमीटर सोडला, तर डिग्री कमी भरली! रांगेतली माणसं माझ्याकडं बघू लागली. दुधात पाण्याचा थेंब नव्हता. मला रडूच आलं. मग दादांनी किटलीला हात लावून पाहिला आणि दूध गार होईपर्यंत थांबायला सांगितलं. नंतर बरोबर २९ डिग्री भरली.

हे कसं झालं, ते मी गुरुजींना विचारलं. तेव्हा त्यांनी आर्किमिडीज यांची माहिती सांगितली.

आर्किमिडीज यांचा जन्म इ. स. पूर्व २८७ च्या सुमारास सिसिली बेटावरील सिराक्यूज या गावी झाला. त्यांचे वडील आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करीत. तेथील राजा हिरो याने सोन्याचा मुकुट करून घेतला. सोनाराने त्यात चांदी मिसळल्याचा संशय आला. वजन तर बरोबर होते! मुकुट न मोडता खरे-खोटे कसे कळणार? असे सांगतात, की न्हाणीच्या हौदात उतरताना पाणी बाहेर सांडलेले पाहून आर्किमिडीज यांना युक्ती सुचली. सारख्या वजनाची चांदी सोन्याच्या जवळजवळ दुप्पट जागा घेते, म्हणून पाणीही जास्त सांडते. मुकुटाने शुद्ध सोन्यापेक्षा जास्त पाणी सांडले आणि लबाडी उघडी पडली.

वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी लागते, हे त्यांनीच दाखवून दिले. विहिरीतला पोहरा पाण्यात असेतो हलका लागतो, वर आला की जड होतो, ते यामुळेच.

इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमन सैन्याने सिराक्यूज घेतले. त्या वेळी एका शिपायाने या वृद्ध शास्त्रज्ञाला ठार मारले.

पण त्यांचा नियम मेला नाही. लॅक्टोमीटर त्याच नियमावर तरंगतो. १ लिटर पाणी १००० ग्रॅम भरते, तर गाईचे दूध साधारण १०३० ग्रॅम. यालाच घनता म्हणतात. २९ डिग्री म्हणजे १०२९ ग्रॅम. पाणी घातले की घनता घटते आणि नळी जास्त बुडते. दूध कोमट असले तरी ते थोडे पसरते, म्हणून तसेच होते. माझं तेच झालं होतं!

मित्रांनो, त्या मापाने लबाड सोनार सापडला आणि मापाच्याच जोरावर माझ्यावरचा आळ गेला. मात्र माप नीट घेतले पाहिजे. घाईने कुणाला खोटे ठरवू नये. आता मी दूध गार झाल्याशिवाय घरातून निघत नाही.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी, वारूळवाडी