नळीच्या आतला हिशोब

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बँडवाल्यांच्या खोलीबाहेर दरवर्षी एक कार्यक्रम होतो. पावसाळाभर खुंटीला टांगलेली वाद्यं खाली उतरतात. टपात कोमट पाणी, त्यात साबण, आणि बँडमास्तरांच्या हातात एक गमतीदार ब्रश. गमतीदार अशासाठी, की त्याचा दांडा म्हणजे स्प्रिंगसारखी वाकणारी लांब तार असते आणि टोकाला बाटली धुवायच्या ब्रशसारखा गोल झुपका. नळी वळेल तशी तार वळते आणि झुपका आतून घासत पुढे सरकतो.

अकरावीत असताना मी मास्तरांना शहाणपणाने विचारलं होतं की बाहेरून ब्रासोने एवढं चकाचक केलंय, तर आतून घासायची कटकट कशाला, आत कोण बघतंय? मास्तर काही बोलले नाहीत. ब्रश नळीत घातला, बाहेर काढला आणि माझ्या नाकाखाली धरला. हिरवट-काळा चिकट गाळ! मग एवढंच सुनावलं की बाहेरची चमक वरातीसाठी असते, सूर आतून येतो.

मित्रांनो, इंजिनीअरिंगला आल्यावर मला कळलं की मास्तरांनी सहज सांगितलेली ही गोष्ट म्हणजे एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा गाभा आहे. त्याचं नाव ॲडॉल्फ सॅक्स. होय, सॅक्सोफोनमधला सॅक्स तो हाच!

सॅक्सचा जन्म 6 नोव्हेंबर 1814 चा, आजच्या बेल्जियममधल्या दिनाँ या गावातला. म्यूज नदीकाठचं हे गाव मध्ययुगापासून तांब्या-पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध. वडील शार्ल-जोसेफ मूळचे सुतारकाम करणारे, पुढे वाद्यं बनवू लागले. कुटुंब ब्रसेल्सला आलं आणि तिथे त्यांचा कारखाना उभा राहिला. अकरा भावंडांत ॲडॉल्फ थोरला.

हे पोर मोठं होईल यावर मात्र शेजाऱ्यांचा विश्वास नव्हता. त्याच्या चरित्रात अपघातांची यादीच सापडते. तीन मजल्यांवरून पडून डोकं दगडावर आपटलं. टाचणी गिळली. पातळ केलेलं गंधकाम्ल दूध समजून प्यायला. बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजला, तापलेल्या तव्यावर पडला, व्हार्निशच्या वाफेने भरलेल्या खोलीत झोपून गुदमरला, नदीत बुडता बुडता वाचला. दर वेळी हा उठून पुन्हा वडिलांच्या कारखान्यात हजर! शेजारीपाजारी त्याला भूतच म्हणू लागले. वर्कशॉपच्या भिंतीवरचे सेफ्टीचे नियम वाचताना या पोराची आठवण काढायला हरकत नाही.

कारखान्यात तो हत्यारं चालवायला शिकला आणि ब्रसेल्सच्या संगीतशाळेत बासरी व क्लॅरिनेट वाजवायला. म्हणजे डिझाइनही त्याचं, मशीनिंगही त्याचं आणि टेस्टिंगही त्याचंच. पंधराव्या वर्षी त्याची वाद्यं प्रदर्शनात झळकली. 1838 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षाच्या आतच, त्याने सुधारलेल्या बास क्लॅरिनेटचं पेटंट घेतलं. जुन्या वाद्याची भोकं बोटं जिथे पोचतील तिथे पाडलेली असायची. सॅक्सने ती जिथे हवी तिथेच पाडली आणि तिथवर पोचायला चाव्यांची यंत्रणा बसवली. हाताच्या सोयीने नळी बनवायची नाही, नळीच्या गरजेप्रमाणे यंत्रणा बनवायची, हा त्याचा खाक्या.

1842 मध्ये तो जवळपास रिकाम्या खिशाने पॅरिसला गेला. तिथे त्याला एक मोठा पाठीराखा मिळाला, संगीतकार एक्तोर बर्लिओझ. बर्लिओझ वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत असे आणि त्याच वर्षी त्याने या तरुणाच्या नव्या वाद्याविषयी भरभरून लिहिलं. लगेच लोक सॅक्सला ओळखू लागले. आणि लगेच पॅरिसचे जुने वाद्यनिर्माते त्याच्यावर डूख धरून बसले.

आता जरा थिअरी. त्या काळी समजूत अशी की पितळेचं वाद्य पितळेसारखं वाजतं आणि लाकडाचं लाकडासारखं, म्हणजे आवाजाचा पोत ठरतो मटेरियलवरून. सॅक्सचं म्हणणं उलट होतं. वाजते ती नळी नाही, नळीतली हवा. त्या हवेच्या स्तंभाची लांबी किती, व्यास किती, तो कुठे आणि कोणत्या प्रमाणात रुंदावतो, यावर आवाज ठरतो. भांडं पितळेचं असो की लाकडाचं, ते दुय्यम. सॅक्सोफोन हा याचा जिताजागता पुरावा. अंग पूर्ण पितळेचं, पण तोंडाशी वेताची पट्टी आणि आत शंकूसारखी रुंदावत जाणारी नळी, म्हणून आजही त्याची गणना लाकडी वाद्यांच्या घराण्यात होते!

हाच विचार त्याने 1843 पासून पितळी वाद्यांना लावला आणि सॅक्सहॉर्न जन्माला आले. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की व्हॉल्व्ह हा त्याचा शोध नव्हे. बटण दाबलं की हवा जादा नळीतून फिरवून आणायची, ही युक्ती जर्मनीत श्टोल्झेल आणि ब्ल्युमेल यांनी काढली होती आणि 1818 मध्ये तिचं पेटंटही झालं होतं. मग सॅक्सने केलं काय? त्याने एक कुटुंब बनवलं. अगदी उंच स्वराच्या छोट्या वाद्यापासून जाडजूड खर्जापर्यंत सगळ्यांची आतली प्रमाणं एका सूत्रात बसवली आणि बोटांची पद्धत एकच ठेवली. एक वाद्य येणारा माणूस थोड्या सरावाने दुसरं उचलू शकेल. आपल्या भाषेत याला स्टँडर्डायझेशन म्हणतात.

मास्तरांचा ब्रश इथे कामाला येतो. प्रमाण आतल्या हवेचं असेल, तर आत साचणारी प्रत्येक गोष्ट त्या प्रमाणात ढवळाढवळ करणार. फुंकताना श्वासाची वाफ थंड होऊन पाणी होतं, त्यात थुंकी मिसळते, अन्नाचे कण जातात, व्हॉल्व्हचं तेल उतरतं आणि तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात. साधा हिशोब करून बघा. ट्रम्पेटच्या नळीचा आतला व्यास साधारण 11.6 मिलिमीटर. आत सगळीकडून फक्त अर्ध्या मिलिमीटरचा थर बसला तर व्यास उरतो 10.6, आणि हवेला मिळणारी जागा सुमारे साडेसोळा टक्क्यांनी कमी होते! वाद्य जड वाजू लागतं, सूर हलतात आणि वाजवणारा बिचारा स्वतःच्या फुफ्फुसांना दोष देत बसतो. शिवाय हा ओला थर पितळेतलं जस्त खातो, मग नळीवर लालसर ठिपके उमटतात आणि एक दिवस तिथे भोक पडतं.

प्रश्न निव्वळ सुरांचाही नाही. अमेरिकेत एका ट्रोम्बोनवादकाला 15 वर्षं खोकला होता. त्याच्या वाद्याच्या आत बुरशी आणि जिवाणू सापडले, आणि वाद्य नियमित साफ करायला लागल्यावर त्याचा त्रास थांबला. 2010 मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

म्हणून पद्धत ठरलेली आहे. आधी सरकणाऱ्या नळ्या आणि व्हॉल्व्ह काढायचे, कुठला कुठे होता हे लक्षात ठेवून, कारण प्रत्येक पिस्टन आपापल्याच घरात नीट बसतो. पाणी कोमटच, कारण कडक पाण्याने वरचं लॅकर सुटतं. लवचिक ब्रश हळूच घालायचा, कडक वळणावर अडला तर जोर न करता मागे घ्यायचा. तारेवरचं आवरण निघालं असेल तर तो ब्रश टाकून द्यायचा, नाहीतर उघडी तार नळीला आतून ओरखडे पाडते. मग स्वच्छ पाण्याने धुवायचं, वाळवायचं, नळ्यांना ग्रीस आणि व्हॉल्व्हला तेल. गंमत म्हणजे ज्याच्यावर सॅक्सचं नाव कोरलंय त्या सॅक्सोफोनला हा टपातला अभ्यंग चालत नाही! भोकं झाकणाऱ्या गाद्या चामड्याच्या असतात, त्या पाण्याने फुगतात. त्याच्या नळीतून दोरीला बांधलेलं फडकं ओढून ओल टिपून घ्यायची, बस.

आता परत पॅरिसला जाऊ. फ्रेंच लष्कराचे बँड तेव्हा अगदीच फिके पडत होते. सॅक्सने आपली वाद्यं पुढे केली, जुन्या मंडळींनी विरोध केला, आणि शेवटी 22 एप्रिल 1845 रोजी शाँ द मार्सच्या मैदानावर चक्क सामना लावण्यात आला. एकीकडे जुन्या पद्धतीचा बँड, दुसरीकडे सॅक्सचा. हजारोंची गर्दी जमली. सॅक्सचा बँड जिंकला आणि लष्कराने त्याची वाद्यं स्वीकारली. पुढच्याच वर्षी, 1846 मध्ये, सॅक्सोफोनचं पेटंट त्याच्या नावावर झालं. वय अवघं 31.

इथे सिनेमा असता तर संपला असता. सॅक्सच्या बाबतीत मात्र खरा त्रास इथूनच सुरू झाला. प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि पेटंटं रद्द करा म्हणून कोर्टात गेले. यात नवीन काहीच नाही, असा त्यांचा दावा. व्हॉल्व्ह जुने, नळ्या जुन्या, मग पेटंट कसलं? बाहेरून बघणाऱ्याला ते पटण्यासारखंही होतं. नवीन होतं ते आतलं प्रमाण, आणि ते कोर्टाला डोळ्यांनी दिसणार कसं? खटले वर्षानुवर्षं चालले. सॅक्स अनेकदा जिंकला, पण वकिलांची बिलं जिंकणाऱ्यालाही भरावी लागतात. त्यात 1848 च्या क्रांतीने राजाश्रय गेला आणि 1852 मध्ये तो दिवाळखोर झाला. पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या कृपेने पुन्हा उभा राहिला.

तेवढ्यात नियतीने वार केला तो नेमका ओठावर. 1853 च्या सुमारास ओठाला गाठ आली आणि ती वाढतच गेली. फुंकून वाद्य तपासणाऱ्या माणसाच्या ओठाला गाठ! डॉक्टरांनी कॅन्सरचं निदान केलं. शेवटी त्याने पॅरिसमध्ये काळा डॉक्टर म्हणून गाजलेल्या व्रीस नावाच्या वैद्याचा झाडपाल्याचा उपचार घेतला आणि 1859 मध्ये गाठ गेली. पुढे कोर्टाने त्याच वैद्याला भोंदू ठरवून शिक्षा केली. सॅक्स मात्र त्यानंतर 35 वर्षं जगला. लहानपणीचं भूत अजून हटायला तयार नव्हतं!

1857 पासून तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवू लागला. 1866 मध्ये सॅक्सोफोनच्या पेटंटची वाढीव मुदत संपली आणि काल हे वाद्य निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी तेच बनवून विकायला सुरुवात केली. 1870 च्या युद्धात त्याचा वर्ग बंद पडला, आणि तिथे सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा सुरू व्हायला 1942 साल उजाडलं. 1873 आणि 1877 मध्ये आणखी दोन दिवाळखोऱ्या झाल्या. आयुष्यभर जमवलेल्या चारशेहून अधिक वाद्यांचा त्याचा खासगी संग्रह लिलावात निघाला. 7 फेब्रुवारी 1894 रोजी पॅरिसमध्ये तो गेला, गरिबीतच. जॅझने सॅक्सोफोन जगभर नेला तो त्यानंतर.

सॅक्सचं चुकलं कुठे? तो हट्टी होता, तापट होता, तडजोड त्याला जमत नव्हती आणि पैशाचा हिशोब तर मुळीच जमत नव्हता. नळीच्या आतला हिशोब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सांभाळणाऱ्याची वही मात्र उघडीबोडकी राहिली. आपल्यातले जे उद्या स्वतःचं काही बनवू म्हणतात त्यांनी हेही शिकून घ्यावं. पण त्याने आतल्या प्रमाणाशी तडजोड केली नाही, म्हणून तो मेल्यावरही वाद्यं जगली.

आणि ती आपल्यापर्यंतही आली बरं का! 1844 मध्ये डिस्टिन नावाचं इंग्लंडमधलं वादक कुटुंब पॅरिसमध्ये सॅक्सला भेटलं आणि सॅक्सहॉर्न इंग्लंडला घेऊन गेलं. तिथल्या बँडांत ही वाद्यं रुजली, लष्कराच्या बँडांबरोबर हिंदुस्थानात आली आणि पुढे लग्नाच्या वरातीत शिरली. आमच्या मास्तरांच्या हातातलं युफोनियम त्यांच्याच नात्यागोत्यातलं.

यंदा वाद्यं धुवायच्या दिवशी मी मास्तरांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, सॅक्सचं नाव दोनदा विचारलं आणि मग ब्रश माझ्या हातात दिला. वळणापाशी थोडा अडला. मी जोर केला नाही. मागे घेतला, पुन्हा हळूच सरकवला, आणि तो पलीकडून बाहेर आला. नंतर मास्तरांनी सगळं जोडून, तेल सोडून, खालचा सा लावला. गल्लीतली कबुतरं उडाली. गेल्या वर्षीपेक्षा सूर मोकळा होता, हे माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं.