गुरुवर्य अण्णासाहेब विजापूरकर : तळेगावच्या समर्थ विद्यालयाचे संस्थापक

मित्रांनो, १ ऑगस्ट जवळ आला की आपल्या शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते. टेबलावर दोन फोटो मांडतो, हार घालतो, चार-पाच मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात. आपण मावळातले असू, तर त्या टेबलावर तिसरा फोटोही हवा असं मला वाटतं. तो फोटो प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांचा. त्यांचं निधन १ ऑगस्ट १९२६ ला झालं, टिळकांनंतर बरोबर सहा वर्षांनी. लोक त्यांना आदराने अण्णासाहेब म्हणत.

अण्णासाहेबांचा जन्म कोल्हापूरचा, २६ ऑगस्ट १८६३ चा. लोणावळ्याच्या मुलांना हे साल लक्षात ठेवायला सोपं आहे. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आपला बोरघाट रेल्वेसाठी खुला झाला आणि मुंबई-पुणे गाडी सलग धावू लागली. घाटाचा आणि अण्णासाहेबांचा तसा काही संबंध नाही, पण पुढे त्यांनी आपली शाळा आणली ती याच रेल्वेच्या वाटेवरच्या तळेगाव दाभाडे गावात.

शिक्षण एम.ए. पर्यंत. त्या काळी एम.ए. झालेला माणूस म्हणजे काय, हे आज समजणार नाही. अख्ख्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतके! ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार, मान, सगळं होतं. पण मराठीत चांगली पुस्तकं नाहीत ही गोष्ट त्यांना टोचत होती. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी 'ग्रंथमाला' हे मासिक काढलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जुन्या कागदपत्रांतला काही भाग या ग्रंथमालेतून छापला गेला. पुढे 'समर्थ' हे साप्ताहिक आणि 'विश्ववृत्त' हे मासिक निघालं. समर्थ म्हणजे रामदास स्वामी. हेच नाव नंतर शाळेलाही मिळालं.

आता एक गोष्ट सांगतो, जी भाषणांत कुणी सांगत नाही. कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटलं तेव्हा अण्णासाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या विरोधी बाजूला होते. त्यात त्यांची कॉलेजातली नोकरीही सुटली. माझं स्पष्ट मत आहे की या वादात महाराजांची बाजू न्यायाची होती. धार्मिक विधीत एका समाजाला वेदमंत्र आणि दुसऱ्याला नाही, हे आज आपण कुणाला पटवून देऊ शकणार नाही. गंमत बघा, उद्योग आणि शिक्षण ही तळमळ दोघांचीही होती. महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात कापड गिरणी उभी केली, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचं पाऊल उचललं. एकाच गावातली ही दोन माणसं एकमेकांच्या समोर उभी राहिली. मोठ्या माणसाच्या चरित्रात असंही पान असतं. ते फाडून टाकून चरित्र शिकवू नये.

नोकरी गेली, पण शिकवणं सुटलं नाही. तेव्हाच्या सरकारी शाळांतून काय घडत होतं? इंग्रजी पाठ करायची, परीक्षा द्यायची आणि कचेरीत कारकून व्हायचं. हाताने काही बनवणारा माणूस या शाळांतून बाहेर पडत नव्हता. आणि जो सुतार, लोहार, विणकर हाताने बनवत होता, त्याचा धंदा विलायती मालाने बसत चालला होता. १९०५ ला बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ उठली. विलायती माल घेऊ नका हे सांगणं सोपं होतं. पण मग स्वदेशी माल बनवणार कोण? त्याला शिकवणार कोण?

राष्ट्रीय शिक्षण ही कल्पना या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे आली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, आणि पुस्तकी अभ्यासाबरोबर उद्योगाचं शिक्षण त्याच शाळेत द्यायचं. अण्णासाहेबांनी कोल्हापूर भागात सुरू केलेलं समर्थ विद्यालय १९०६ च्या सुमारास तळेगावला आलं. त्याच वर्षी बंगालमध्येही राष्ट्रीय शिक्षणासाठी परिषद स्थापन झाली आणि कलकत्त्यात तंत्रशिक्षणाची एक संस्था निघाली. तीच वाढत वाढत आजचं जादवपूर विद्यापीठ झाली. म्हणजे आपलं तळेगाव आणि कलकत्ता तेव्हा एकाच वाटेवर चालत होते!

पैशासाठी टिळक आणि अण्णासाहेब गावोगाव हिंडले. १९०८ मध्ये बार्शीला टिळकांनी राष्ट्रीय शिक्षणावर मोठं भाषण केलं. धर्माचं शिक्षण, परकी भाषेचं ओझं कमी करणं, उद्योगाचं शिक्षण आणि राजकारणाचं शिक्षण अशा चार गोष्टी त्यांनी मांडल्या होत्या.

आता तळेगावचीच दुसरी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होत नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका माणसाने ठरवलं की प्रत्येकाकडून वर्षाला फक्त एक पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. हाच तो पैसा फंड. पाचवीच्या मुलांनो, जरा हिशोब करा. तेव्हा एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याचे चार पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांपुढे हात पसरायचा. हजार रुपयांसाठी ६४ हजार माणसं! या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. जपान आणि अमेरिकेत काचेचं शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तिथले तज्ज्ञ होते.

काचच का? कारण तेव्हा कंदिलाच्या चिमण्या, बांगड्या, बाटल्या असा कितीतरी काचेचा माल ऑस्ट्रिया, जर्मनीसारख्या देशांतून येत होता. काच बनते वाळूपासून, हे तुम्ही विज्ञानात शिकता. पण नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून त्यात सोडा मिसळतात, त्याने वाळू कमी उष्णतेला वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनखडी घालायची. इथपर्यंत पुस्तकात आहे. पुढचं पुस्तकात नाही. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर रसरशीत काचेचा गोळा घ्यायचा, नळी सतत फिरवत राहायचं आणि फुंकायचं. थोडं जास्त फुंकलं की फुगा फुटतो, फिरवायचं थांबलं की एका बाजूला ओघळतो. आणि तयार वस्तू एकदम गार झाली की तडकते, म्हणून ती हळूहळूच थंड करावी लागते. हे सगळं भट्टीपुढे घाम गाळत, शेजारच्या कारागिराचा हात बघत शिकावं लागतं. म्हणून तळेगावचा कारखाना ही एक शाळाच होती. इथे शिकलेले कारागीर देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेय यांनी स्वतः पुढे उत्तर प्रदेशात बहजोई इथे मोठा कारखाना चालवला.

एकाच गावात एकीकडे अण्णासाहेबांचं विद्यालय आणि दुसरीकडे ही भट्टी. दहा-पंधरा वर्षं शांतपणे मिळाली असती तर मावळात काय उभं राहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण ती मिळाली नाहीत. 'विश्ववृत्त' मासिकात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख छापून आला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. अण्णासाहेबांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर शिक्षा झाली ती मासिकाचं काम पाहणाऱ्या वामन मल्हार जोशी यांना. पुढे 'रागिणी' कादंबरी लिहिणारे वा. म. जोशी ते हेच. १९०८ च्या जून महिन्यात टिळकांनाही अटक झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. शाळेचा मुख्य माणूस तुरुंगात, पैसा आणून देणारा मंडालेला. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालयच बंद केलं.

आता पुढचं साल बघा. ८ फेब्रुवारी १९११ ला लोणावळ्यात गव्हर्नरच्या हस्ते टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली. वळवण, शिरवता ही आपली धरणं त्यातलीच. १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. यंत्रांचं युग आपल्या दारात आलं, आणि हाताला शिक्षण देणारी शाळा एक वर्ष आधीच बंद पडली होती. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मोठी मुलंही गप्प होतात.

तुरुंगातून सुटल्यावर अण्णासाहेब स्वस्थ बसले नाहीत. काही वर्षांनी तळेगावलाच नवीन समर्थ विद्यालय सुरू झालं, आणि ते नाव गावात आजही आहे. नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळ ही संस्था आपली परंपरा १९०६ पासूनची सांगते, आणि तिचं अभियांत्रिकी महाविद्यालयही तळेगावात आहे. एक्सप्रेसवेने जाताना आजूबाजूला कारखाने दिसतात, तिथे तुमच्यापैकी कितीतरी जणांचे बाबा, काका कामाला आहेत.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. माझ्या वर्गात मागच्या वर्षी एक मुलगा होता. शाळेच्या टाकीची मोटर बंद पडली की माणूस येईपर्यंत तो तिच्याशी खटपट करायचा, आणि दोनदा त्याने ती चालू केली. प्रगतिपुस्तकात मात्र 'क' श्रेणी. वडील म्हणाले, सर, याचं काही खरं नाही, याला शेवटी आयटीआयलाच टाकावं लागणार. 'शेवटी' हा शब्द मला फार लागला. एम.ए. झालेल्या प्राध्यापकाने ज्या गोष्टीसाठी उमेदीची वर्षं घालवली, ती आपण शिक्षेसारखी सांगतो. आणि दोष फक्त पालकांना कसा देऊ? वेळापत्रकातला कार्यानुभवाचा तास परीक्षा जवळ आली की मीही गणिताला वापरला आहे, एकदा नाही, बऱ्याचदा.

तर मुलांनो, यंदाच्या १ ऑगस्टसाठी भाषण पाठ करू नका. घरी आई-बाबा, आजी-आजोबा, शेजारचे काका यांच्यापैकी एकाला विचारा : तुम्हाला हाताने येणारं एक काम कोणतं, आणि ते तुम्ही कुणाकडून शिकलात? चार ओळी लिहून आणा, जमलं तर ते काम करण्याचं एक हत्यारही दाखवायला आणा. धार असलेलं असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन या. परिपाठ झाल्यावर आपण ते सगळं टेबलावर मांडू, तीन फोटोंच्या पुढे.