आवाज अडवणारा मुलगा

१९८८च्या सुमारास माझ्याकडे एक स्कूटर होती. गाडी गुणी, पण दर दीड-दोन वर्षांनी तिचा श्वास कोंडायचा. सपाटीला बरी चालायची आणि चढ आला की धापा टाकायची. मग कोपऱ्यावरचा मेकॅनिक सायलेन्सर खोलायचा, जाळावर धरून तापवायचा आणि फरशीवर आपटून आतली काजळी पाडायचा. चांगली ओंजळभर निघायची. धुराला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो इंजिनातच घुटमळतो, असे त्याचे निदान असे. पावसाळ्यात ज्यांनी चुलीवरचा स्वयंपाक पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. धुराडे चोंदले की धूर घरात येतो आणि फुंकर घालणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

हे सगळे मला आठवले ते थेट ह्यूस्टनला. मुलीकडे गेलो असताना जावयाच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर नेले. त्यांच्या रायफलीच्या तोंडाशी वीतभर लांबीचे काळे नळकांडे होते. मी बंदुकीला हात लावला नाही, मागे उभा राहून पाहत होतो. सिनेमात अशा बंदुकीचा आवाज फुस्स असा येतो. इथे मात्र दणका कमी झाला तरी चाबूक कडाडावा तसा आवाज झालाच. पण माझे लक्ष गेले ते त्या गृहस्थांकडे. दहाबारा गोळ्या झाल्यावर ते डोळे चोळू लागले. ते डावखुरे होते. रायफलीतून रिकामी काडतुसे बाहेर फेकली जातात ती उजव्या बाजूने, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून, आणि त्याच फटीतून जळका, नाकाला झोंबणारा वायू त्यांच्या चेहऱ्यावर येत होता. नंतर त्यांनी रायफल उघडून दाखवली, तेव्हा आत माझ्या स्कूटरचीच काजळी होती, तेलात कालवलेली.

परत आल्यावर हे नळकांडे काढले कोणी याचा शोध घेऊ लागलो आणि एका बापलेकाच्या कहाणीत अडकून पडलो. कादंबऱ्या लिहिण्याची सवय असल्यामुळे असेल, पण यंत्रापेक्षा ती कहाणीच मला जास्त धरून राहिली.

बाप म्हणजे हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम. अमेरिकेतील मेन राज्यात १८४० साली जन्मलेला. मॅक्झिम गन ती याचीच. बंदूक झाडली की खांद्याला धक्का बसतो. तो धक्का वाया का घालवायचा, असा विचार करून त्याने त्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर पडेल, नवे आत येईल आणि तेही उडेल अशी योजना केली. घोडा दाबून धरला की मिनिटाला शेकडो गोळ्या. १८८४ सालची ही गोष्ट. पुढच्या वीस वर्षांत या बंदुकीने काय केले ते इतिहासात आहे. आपल्या जवळचे उदाहरण सांगायचे, तर १९०४ साली हिंदुस्थानातून तिबेटवर गेलेल्या इंग्रजी फौजेजवळ ती होती आणि गुरू या ठिकाणी काही मिनिटांत शेकडो तिबेटी माणसे पडली. हिरामला मात्र १९०१ साली सर ही पदवी मिळाली होती.

या बापाला २ सप्टेंबर १८६९ रोजी ब्रुकलिनमध्ये मुलगा झाला. हिराम पर्सी मॅक्झिम. आपण त्याला पर्सीच म्हणू. १८८१ साली बाप पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनाला म्हणून युरोपात गेला, लंडनला स्थिरावला, तिथे त्याने दुसरा संसार मांडला. बायको जेन, पर्सी आणि त्याच्या दोन बहिणी अमेरिकेतच राहिल्या. पर्सी तेव्हा बारा वर्षांचा होता.

आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जावर वडिलांचे नाव आणि व्यवसाय असा रकाना असे. काही माणसे तिथे क्षणभर पेन थांबवतात, हे मी कित्येकदा पाहिले आहे. पर्सीचे आयुष्य वाचताना मला तो रकाना आठवत राहिला. वडिलांचे नाव जगभर पोचलेले, वडील मात्र घरात नाहीत.

मुलगा हुशार होता. एमआयटीमधील यंत्रविद्येच्या शाळेतून तो सोळाव्या वर्षी बाहेर पडला आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी तोफगोळ्यांच्या कारखान्यात कामाला लागला. घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीचे वेड त्याला तिथेच लागले. पेट्रोलचे बळ किती हे अजमावायला त्याने तोफेच्या गोळ्याचे रिकामे नळकांडे घेतले, त्यात पेट्रोलचा थेंब टाकला, लाकडी बूच बसवले आणि पेटती काडी दाखवली. १८९५मध्ये तो हार्टफर्डच्या पोप कंपनीत मोटारगाड्यांच्या खात्यात गेला आणि १८९९ साली एका शर्यतीत गाडी हाकून जिंकलाही. दरम्यान १८९८ साली त्याने मेरिलँडच्या माजी गव्हर्नरची मुलगी जोसेफिन हॅमिल्टन हिच्याशी लग्न केले.

मोटारींचे दिवस आटोपते घेतो, कारण आपल्याला त्या नळकांड्याकडे जायचे आहे.

बंदुकीचा आवाज येतो कुठून? गोळीच्या मागे प्रचंड दाबाने कोंडलेला वायू असतो. गोळी तोंडातून निसटली की तो एकदम मोकळा होतो; सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तसा, पण हजारपट. पर्सीच्या मनात आले, की या वायूला एकदम बाहेर न सोडता थोडे रेंगाळत ठेवले तर? त्याने आधी गोळी गेल्यावर बंद होणारी झडप करून पाहिली. ते काही जमले नाही. मग म्हणे एके सकाळी स्नानाच्या टबातले पाणी गरगर फिरत भोकातून जाताना त्याने पाहिले. फिरणारे पाणी मधोमध वाट मोकळी ठेवते आणि स्वतः हळूहळू उतरते. वायूलाही असेच गरगरवले तर गोळी मधल्या वाटेने सरळ जाईल आणि वायू भोवऱ्यात अडकेल. शोधांच्या कथा अशाच सांगितल्या जातात, न्यूटनचे सफरचंद त्यातलेच. पण भोवऱ्याची कल्पना त्याच्या पेटंटात आहे, आणि ते पेटंट ३० मार्च १९०९ रोजी मिळाले.

१९१०च्या नमुन्यात त्याने गोळीचे भोक मधोमध न ठेवता वरच्या अंगाला सरकवले. त्यामुळे नळकांडे नळीच्या खाली लोंबे आणि नेम धरताना आड येत नसे. मला या बदलाचे फार कौतुक वाटते. वापरणाऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून पाहिल्याखेरीज असे सुचत नाही. पाच-सात डॉलरला ते हत्यारांच्या दुकानात मिळे, टपालाने घरीही येई. शेजाऱ्यांची झोप न मोडता घराच्या मागे नेमबाजी करा, असा जाहिरातींचा सूर. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या एका विंचेस्टर रायफलीला हे नळकांडे होते. लष्करानेही चाचण्या घेऊन काही विकत घेतले.

बापाने बंदुकीचा धक्का पकडून कामाला लावला होता, मुलाने तिचा दणका पकडला. वायू मात्र दोघांनाही चुकला नाही, आणि ह्यूस्टनच्या गृहस्थांचे डोळे चुरचुरले ते त्यामुळेच.

पर्सीच्या काळच्या बहुतेक रायफली हाताने खिट्टी ओढण्याच्या. गोळी गेल्यावर मागचे दार बंदच असे. नेमबाजाने क्षणभर दम घेतला, तर नळकांड्यातला वायू पुढून सावकाश निघून जाई. घाईने खिट्टी ओढली, तर उरलेला तोंडावर येई. इतकाच त्रास. शिवाय धूर न करणारी दारू तेव्हा नुकतीच रुळली होती, हे पर्सीचे नशीब. जुन्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन राखेच्या रूपात मागे उरतो, त्याने नळकांडे कितीसे टिकले असते! तरी शिसाच्या छोट्या गोळ्या झाडल्या की आत शिसे आणि काजळी साचे. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतला क्षार मागे राही, दमट हवेत पाणी धरी आणि लोखंड गंजवी. इंग्रजी शिपाई रायफलीच्या नळीत उकळते पाणी ओतत ते हा क्षार धुवायला.

आमच्या शाखेचे गार्ड सातारा भागातले निवृत्त हवालदार. वर्षातून एकदा चांदमारी करून आले की दुपारभर पुलथ्रूला चिंधी लावून नळी ओढत बसायचे. चिंधी पांढरी येईपर्यंत थांबायचे नाहीत. कॅशियर त्यांची चेष्टा करायचा. मीही हसायचो. आता हसणार नाही.

खरा घोटाळा झाला तो पुढे, स्वयंचलित रायफली आल्यावर. आजच्या पुष्कळ रायफलींत नळीतला थोडा वायू मागे वळवून त्याच्याच जोराने खिट्टी उघडतात. पुढे नळकांडे लावले की वायू आत जास्त वेळ कोंडून राहतो, मागे जास्त जातो, खिट्टी वेळेआधी आणि जोरात उघडते. आत दाब शिल्लक असतानाच दार उघडल्यावर दुसरे काय होणार? वायू, काजळी, शिशाचे सूक्ष्म कण, सारे नेमबाजाच्या नाकाडोळ्यांत जाते. यंत्रात घाण साचते, तेल जळते, काडतूस अडकते. मग वायूची वाट कमी करणारा स्क्रू बसवा, खिट्टीमागची स्प्रिंग आणि वजन जड करा, मागच्या फटी बंद करा, तेल जास्त घाला, लवकर लवकर साफ करा, असे उपाय आले. अलीकडे वायूला नळकांड्यातून पुढच्या दिशेनेच वाट काढून देतात. त्यात आवाज थोडा जास्त, पण डोळे वाचतात. अमेरिकेच्या लष्कराने २०२२ साली नवी रायफल निवडली ती नळकांड्यासकटच, आणि शिपायाच्या तोंडावर येणारा विषारी धूर हा तिथे विचाराचा विषय होता. म्हणजे शंभर वर्षांनंतरही तोच हिशेब चालू आहे: पुढे किती अडवायचे आणि मागे किती सोसायचे.

आवाजही पुरता जात नाहीच. रायफलीचा दणका १६० डेसिबलच्या घरातला, नळकांडे त्यातले वीस ते पस्तीस कमी करते. शिवाय सेकंदाला आठशे मीटर वेगाने जाणारी गोळी आवाजाला मागे टाकते आणि वाटेत स्वतःच कडाडते. त्यावर पर्सीकडेही इलाज नव्हता. पण ते वीस-पस्तीस कानाच्या दृष्टीने लहान नाहीत. बाप हिराम वर्षानुवर्षे आपल्या तोफा-बंदुकांशेजारी उभा राहून म्हातारपणी ठार बहिरा झाला होता. मुलाच्या शोधाच्या वेळी तो हयात होता. २४ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये तो वारला. मुलाने आवाज अडवण्याचा ध्यास बापाच्या कानांकडे पाहून घेतला, असे लिहायचा मोह मला होतो. कादंबरी असती तर लिहिलेही असते. पण बाप समोर होताच कुठे?

पर्सीच्या वाट्याला आलेली निराशा वेगळी होती. त्याने सभ्य शेजाऱ्यासाठी वस्तू केली आणि लोकांना तिच्यात मारेकरी दिसला. १९३४च्या कायद्याने अशा प्रत्येक नळकांड्यावर दोनशे डॉलर कर बसला, मूळ किमतीच्या कितीतरी पट. तोवर त्याच्या कंपनीने बंदुकीचे काम सोडले होते आणि इंजिनांचे, कारखान्यांचे सायलेन्सर ती करत होती. माझ्या स्कूटरच्या पोटात होते त्याच जातीचे.

आणि या आवाज अडवणाऱ्या माणसाचा जीव रमला कशात, तर दूरचा आवाज ऐकण्यात. १९१४ साली हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला, जेमतेम तीस मैलांवर, बिनतारी संदेश पाठवताना त्याचे यंत्र तोकडे पडले. मधल्या गावातल्या एका हौशी माणसाने तो संदेश पुढे पोचवला. त्यावरून त्याला संदेश एकमेकांकरवी पुढे नेणाऱ्या हौशी लोकांचा संघ काढायची कल्पना सुचली. क्लॅरेन्स टुस्का या तरुणाला बरोबर घेऊन त्याने अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. ती आजही आहे, आणि तिच्या केंद्राची डब्ल्यू१एडब्ल्यू ही खूण त्याच्याच जुन्या खुणेवरून आली आहे. आपल्याकडच्या हॅम मंडळींना ती ठाऊक असते.

शेवटी शेवटी त्याने वडिलांवर पुस्तक लिहिले. १९३६ साली ते निघाले. त्यात आहे ते पर्सीच्या बाराव्या वर्षापर्यंतचे घर. विक्षिप्त, खोडकर, मुलांना चकित करणारा बाप. पुस्तक गमतीदार आहे, हसवते. बाप निघून जातो तिथे ते संपते. पुढच्या पस्तीस वर्षांबद्दल तक्रारीचा सूर नाही. मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा मुद्दाम शोधत वाचले. कुठेतरी कडवटपणा मागे आला असेल असे वाटले होते.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो कॅलिफोर्नियाच्या प्रवासाला निघाला होता. वाटेत आजारी पडला, कोलोरॅडोमधील ला हुंटा गावी त्याला गाडीतून उतरवून इस्पितळात नेले आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी तो गेला. वय सहासष्ट. बाप लंडनच्या वेस्ट नॉर्वूडमध्ये पुरलेला आहे, मुलगा मेरिलँडमधील हॅगरस्टाउनला, बायकोच्या माहेरी.