रोग्यांचा कैवारी जॉन हॉवर्ड

इंग्लंडातील देवभीरू जॉन हॉवर्ड १७७३ साली बेडफर्ड परगण्याचे शेरीफ झाले, तेव्हा तुरुंगातील बंदिवानांची दैना पाहून त्यांचे अंतःकरण कळवळले. पुढे तुरुंगांबरोबर युरोपातील इस्पितळेही त्यांनी स्वखर्चाने तपासली. तेथील हवा, पाणी, अन्न व अंथरूण ते स्वतः पाहून टिपून ठेवीत. प्लेगच्या संशयितांस कसे वागवितात हे कळावे, म्हणून १७८६ साली ते मुद्दाम दूषित ठरलेल्या जहाजाने व्हेनिस शहरी गेले व क्वारंटीनात कोंडून राहिले. १७८९ साली त्यांनी तो वृत्तांत छापला. १७९० साली, रशियाची लष्करी इस्पितळे पाहावयास गेले असता, खेर्सन येथे ज्वराने ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

प्रियजनहो, आजाऱ्याजवळ प्रार्थना करून आम्ही लागलेच परततो. त्याचे अंथरूण व पाण्याचे भांडेही आम्ही पाहू या.