डॉक्टर सिसिली विल्यम्सबाई

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी लागोपाठ दोन लेकरे झाली असतील त्यांस हे ठाऊकच आहे की, पाठचे भावंड आले म्हणजे वडील लेकरू मांडीवरून खाली उतरते. त्याचे अंगावरचे दूध तुटते, ते किरकिर करू लागते, आणि घरची मंडळी त्यास हेवेखोर म्हणून हसतात. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ज्या देशास पूर्वी गोल्ड कोस्ट म्हणत व १९५७ सालापासून घाना म्हणतात, तेथे अशी पुष्कळ लेकरे हातापायांस सूज येऊन मरत असत; आणि हे दुखणे काय आहे हे सरकारी वैद्यांस नीट सांगता येत नसे. ज्या बाईंनी त्याचा शोध केला व त्याचे नाव तेथील आयांच्याच तोंडून घेऊन जगापुढे ठेविले, त्यांची हकीकत आज आम्ही देत आहो.

सिसिली विल्यम्स यांचा जन्म १८९३ साली जमेका बेटात झाला. वडील तेथे शिक्षणखात्याचे मुख्य अधिकारी होते. तेरा वर्षांच्या असता त्या शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या. ऑक्सफर्ड येथील विद्यालयात जागा मिळत असताही घरच्या अडचणींमुळे त्यांस काही वर्षे थांबावे लागले, व १९१६ साली वडील वारल्यानंतर त्या तेथे दाखल झाल्या. पहिल्या महायुद्धात तरुण पुरुष रणांगणावर गेले होते, म्हणूनच स्त्रियांस वैद्यकाच्या वर्गाची दारे थोडीबहुत उघडली होती. १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या. परंतु युद्धावरून पुरुष परत आले होते, आणि स्त्रीडॉक्टरास काम मिळणे कठीण होऊन बसले होते. लंडनमध्ये काही काळ बालरोगांचे काम करून त्या १९२९ साली वसाहतखात्याच्या नोकरीत शिरल्या व गोल्ड कोस्ट येथे नेमल्या गेल्या. पुरुष डॉक्टरांपेक्षा त्यांस पगार कमी होता, हेही येथे सांगून ठेवतो.

आक्रा शहरात लेकरांसाठी एक इस्पितळ होते, तेथे त्यांचे काम चाले. रोज आयांची दाटी होई. विल्यम्सबाईंनी प्रत्येक लेकराच्या नावाचे स्वतंत्र कार्ड ठेविले, आणि औषध देऊन वाटेस लावण्यावर न थांबता घरी काय शिजते व लेकरू कोण सांभाळते हे विचारण्याचा परिपाठ पाडिला. त्यांच्या ध्यानात आले की, अंगावर पिते मूल तेथे सहसा गुटगुटीत असते. दुखणे येते ते पुढे, एक ते चार वर्षांच्या दरम्यान. दूध तुटल्यावर लेकरास आंबवलेल्या मक्याची पेज अथवा मक्याचे उकडलेले गोळे मिळत, दुसरे फारसे काही मिळत नसे. पोट भरे, परंतु अंगी लागत नसे. प्रथम हातपाय सुजत, मग कातडीवर काळे चट्टे पडून तिची सालपटे निघत, केस फिके पडत, हगवण लागे, आणि लेकरू असे चिरडखोर होई की कोणी हात लाविलेला त्यास खपत नसे. सुजेमुळे ते भरलेले दिसे. म्हणून उपासमारीची शंकाही कोणास येत नसे. जी लेकरे मेली त्यांपैकी काहींची चिरफाड विल्यम्सबाईंनी स्वहस्ते केली, तेव्हा यकृत चरबीने भरलेले आढळले.

आता ह्यास म्हणावे काय? त्यांनी तेथील आयांस व दायांस विचारिले. त्या गा भाषा बोलणाऱ्या बाया होत्या. त्यांनी सांगितले की ह्यास क्वाशिओर्कोर म्हणतात. पाठचे भावंड झाल्यावर पहिल्या लेकरास जडणारे दुखणे, असा त्याचा भाव आहे. विल्यम्सबाईंच्या ध्यानात आले की, ह्या एका शब्दात रोगाचे कारणही सांगून ठेविले आहे. आमच्याकडील म्हाताऱ्या बायांपाशीही अशी नावे असतात, आणि चार यत्ता शिकलेला मनुष्य ती ऐकून हसतो. असो.

१९३३ साली त्यांनी ह्या दुखण्याचे वर्णन एका वैद्यकीय मासिकात छापिले, आणि १९३५ साली लंडनच्या लॅन्सेट पत्रात तेच गा नाव देऊन दुसरा लेख लिहिला. मेक्सिको वगैरे देशांतील वैद्यांनीही असे रोगी पूर्वी पाहिले होते हे मागाहून उघड झाले. परंतु नाव रूढ झाले ते हेच. काही मान्यवर डॉक्टरांनी हा पेलाग्रा नावाचा जुनाच रोग आहे असे म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लाविले. पेलाग्राचे चट्टे उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर उठतात, हे तसे नाहीत, असे त्या दाखवीत राहिल्या. वरिष्ठांशीही त्यांचे जमले नाही, आणि १९३६ साली त्यांची बदली मलाया देशात झाली.

आक्रा येथे ह्या लेकरांस त्या डब्यातले गोड आटीव दूध व कॉड माशाचे तेल देत असत, व त्याने काही लेकरे वाचतही असत. तेच डब्यातले दूध मलायात त्यांस निराळ्या रूपाने भेटले. तेथे व्यापारी लोक दाईचा पोशाख घातलेल्या बाया बाळंतिणींकडे पाठवीत, आणि अंगावरच्या दुधापेक्षा डब्यातले दूध सरस असे पटवून देत. गरीब आई ते पाण्याने पातळ करून पाजी, आणि तान्ही लेकरे मरत. १९३९ साली सिंगापूर येथील रोटरी क्लबात विल्यम्सबाईंनी व्याख्यान दिले व ह्या मृत्यूंस खून म्हणावे असे स्पष्ट बोलून दाखविले. जे दूध एका ठिकाणी औषध ठरले त्याविरुद्ध दुसऱ्या ठिकाणी बोलावयास त्या कचरल्या नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या जाहिरातींस आळा घालणारे नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने केले ते १९८१ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी.

१९४२ साली सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडले व विल्यम्सबाई चांगी येथे बंदिवासात गेल्या. काही महिने लष्करी पोलिसांनी त्यांस कोठडीत ठेवून छळिले. आमांश झाला, बेरीबेरीने पाय बधिर झाले. अशा अन्नाच्या दुष्काळातही त्या बंदिवासात वीस लेकरे जन्मली, विसांसही आयांनी अंगावर पाजिले, आणि वीसही वाचली. ही गोष्ट त्या पुढे पुष्कळदा सांगत.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेत माता व बालके यांच्या खात्याच्या त्या पहिल्या मुख्य झाल्या. १९५२ साली दोन तज्ज्ञांनी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देश फिरून अहवाल दिला, तेव्हा क्वाशिओर्कोर किती दूरवर पसरला आहे हे सर्वांस कळले. त्यानंतर बरीच वर्षे वैद्य म्हणत की केवळ प्रथिनांच्या अभावाने हे होते. हे म्हणणे अपुरे ठरले आहे. मलावी देशात जुळ्या भावंडांवर केलेली परीक्षा २०१३ साली प्रसिद्ध झाली: एकाच घरात एकच अन्न खाऊन एकास हा रोग होतो व दुसऱ्यास होत नाही, आणि आतड्यांतील सूक्ष्म जंतूंचाही त्यात हात असतो. आज अशा लेकरास ऊब देतात, जंतुनाशक औषध देतात, आणि आरंभी थोडे थोडे दूधच वारंवार पाजतात. एकदम पुष्कळ अन्न दिल्यास ते दगावते.

विल्यम्सबाई म्हातारपणापर्यंत देशोदेशी शिकवीत फिरल्या व १९९२ साली ऑक्सफर्ड येथे, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या. आक्रा येथील ते लेकरांचे इस्पितळ अद्याप चालू आहे.