तारेविना पेटलेली ठिणगी

गेल्या लग्नसराईत बाळापुरातल्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली मी काम केले. माझे काम एवढेच, की फ्लॅशचा स्टँड धरून नवरा-नवरीच्या बाजूला उभे राहायचे. पहिल्याच दिवशी मी चकित झालो. कॅमेरा पंधरा पावलांवर, फ्लॅश माझ्याजवळ, मध्ये तार नाही. तरी बटण दाबताच फ्लॅश उडे. कॅमेऱ्यावरच्या लहानशा ट्रिगरमधून रेडिओलहर निघते आणि फ्लॅशला जोडलेला रिसीव्हर ती पकडतो. दोघांचा चॅनल मात्र एकच लागतो. मांडवाचा खांब किंवा पाहुण्यांची गर्दी आड आली तरी ही लहर सहसा अडत नाही.

तारेविना दूरची वस्तू चालवण्याची ही किमया आपल्या देशात प्रथम कोणी दाखवली, हे ग्रंथालयात शोधताना मला आचार्य जगदीशचंद्र बोस भेटले.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मयमनसिंग येथे झाला. ते गाव आज बांगलादेशात आहे. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्याचा आणि शिपायाचा मुलगा त्यांच्या शेजारी बसत. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून १८८० मध्ये ते वैद्यकीसाठी लंडनला गेले. प्रकृतीने साथ दिली नाही. ते शिक्षण सोडून ते केंब्रिजला विज्ञानाकडे वळले आणि १८८४ मध्ये पदवीधर झाले.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे इंग्रज प्राध्यापकांपेक्षा हिंदी प्राध्यापकांना पगार कमी होता. बोसांनी तो पगार घेण्याचे नाकारले, पण शिकवणे थांबवले नाही. तीन वर्षे ते बिनपगारी शिकवत राहिले, तेही घरावर कर्ज असताना! अखेर सरकार नमले. मागचा सर्व पगार पूर्ण दराने मिळाला आणि त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, गावच्या कारागिराकडून उपकरणे घडवून घेऊन त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. भिंती भेदून गेलेल्या लहरीने दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. लहर उपकरणापर्यंत पोहोचली, की तेथील विजेचे मंडल पूर्ण होई आणि पुढचे काम तेथलीच वीज करी. आमच्या मांडवातही हेच घडते. लहर फक्त इशारा देते. उजेड फ्लॅशच्या स्वतःच्या बॅटरीचा असतो.

या शोधातून धन मिळवावे असे त्यांना वाटले नाही. मित्रांच्या आग्रहाने त्यांनी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. ते १९०४ मध्ये मिळाले, पण त्यांनी त्याचा व्यापार केला नाही. पुढे वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करत त्यांनी १९१७ मध्ये कलकत्त्यात आपली संशोधन संस्था उभी केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले.

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लग्नसराईचे पैसे हाती पडले तेव्हा वाटले, कॉलेज सोडावे आणि हेच काम करावे. मराठी शाळेतून आल्यामुळे इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसत असे. तीही भीती मनात होती. पण मातृभाषेच्या शाळेतून निघालेला, घरात कर्ज असताना हक्कासाठी अडून बसलेला आणि तरी शिकवणे न थांबवणारा हा प्राध्यापक मला ओशाळवून गेला. जून महिन्यात बाबांना सांगून मी दुसऱ्या वर्षाची फी भरली.

सुटीच्या दिवशी आजही मी फ्लॅश धरतो. फोटोत मी कुठेच नसतो. पण नवरीच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड माझ्या बाजूने आलेला असतो.