नाव नसलेली पाटी

आपल्या शाळेत दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन व्हायचे. टेबलावर भगव्या वस्त्रातल्या एका संन्याशाचा फोटो असायचा. गुरुजी हार घालायचे, आपण घोषणा द्यायचो आणि घरी पळायचो. फोटोतले स्वामी रामानंद तीर्थ मुळात शाळामास्तर होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

मॅट्रिक झाल्यावर मी परतूर स्टेशनवरून मीटरगेजच्या गाडीने नांदेडला गेलो, पीपल्स कॉलेजात नाव घालायला. साल 1972. दुष्काळ असा की वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. त्याच वर्षी 22 जानेवारीला स्वामीजी हैदराबादेत वारले होते, त्यामुळे त्यांना पाहण्याचा योग आला नाही. पण मी ज्या कॉलेजात शिकलो ते चालवणारी नांदेड एज्युकेशन सोसायटी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती. तेव्हापासून या माणसाविषयी मिळेल ते वाचत आलो. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचला नाही.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. सोलापूरला शिकत असताना 1920 साली लोकमान्य टिळक गेले. त्या दिवशी या सोळा वर्षांच्या मुलाने लग्न न करता देशाचे काम करण्याचे ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सोडली. पुढचे शिक्षण अमळनेर आणि पुण्याच्या टिळक विद्यापीठात झाले. नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. आजारपणामुळे ते सोडावे लागले आणि 1929 च्या सुमारास ते निजामाच्या राज्यात, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले.

तो काळ आजच्या मुलांना सांगावा लागतो. आपली आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. घरात मराठी, बाजारात मराठी, पण राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत. 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, आणि ती सहज मिळत नसे. अशा वेळी आडगावात मराठी शाळा चालवणे हीच मोठी हिंमत होती. अशा शाळा लोकांच्या वर्गणीवर आणि पोटापुरते घेऊन शिकवणाऱ्या शिक्षकांवर चालत.

1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी माणूस घरदार सोडून हिमालयाकडे जातो अशी आपली समजूत. हे मात्र भगवी वस्त्रे घालून पुन्हा वर्गावर आले. 1935 साली बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईला गेले. गावाचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. तिथली योगेश्वरी संस्थेची शाळा आधीपासून चालू होती, तिला या मंडळींनी बळ दिले.

1938 साली त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबाद संस्थानच्या राजकारणात उडी घेतली. स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, पुढेही पुन्हा पुन्हा गेले. देश स्वतंत्र झाला त्या 15 ऑगस्ट 1947 ला निजाम सरकारने त्यांना अटक केली. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले तेव्हाच आपले स्वातंत्र्य आले. हा इतिहास आपण भाषणांतून ऐकला आहे, म्हणून लांबवत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. मुख्याध्यापक निघून गेले, तरी योगेश्वरीची शाळा बंद पडली नाही. मागे राहिलेल्यांनी ती चालवली आणि ती आजही चालू आहे. एका माणसाच्या जिवावर चालणारी संस्था तो माणूस गेला की बसते. स्वामीजींनी माणसे तयार केली, म्हणून त्यांना जाता आले.

मुक्तीनंतर त्यांना मोठी पदे मिळाली असतील असे वाटते. ते 1952 साली गुलबर्ग्याहून आणि 1957 साली औरंगाबादहून लोकसभेवर गेले खरे, पण सत्तेच्या राजकारणात ते रमले नाहीत आणि पक्षातल्या गटबाजीत त्यांचा निभावही लागला नाही. ज्याने एवढा लढा चालवला तो हळूहळू बाजूला पडला, ही गोष्ट मला अजून लागते. तरी 1950 साली नांदेडला सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजात दर जूनमध्ये नवी मुले येत राहिली, त्यांतलाच मी एक. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला.

आणखी एक पाहा. हिप्परग्याची शाळा गावाच्या नावाने ओळखली गेली, अंबाजोगाईची देवीच्या, नांदेडचे कॉलेज लोकांच्या. यांपैकी एकाही पाटीवर स्वामीजींचे नाव नव्हते. नांदेडच्या विद्यापीठाला ते मिळाले 1994 साली, ते जाऊन बावीस वर्षे झाल्यावर.

हे सगळे सांगायचे कारण, मेळाव्याच्या बैठकीत शाळेच्या दारात कमान बांधायची आणि तिच्यावर देणगीदारांची नावे कोरायची अशी सूचना आली आहे. सूचना करणारे माझेच वर्गमित्र आहेत आणि त्यांची शाळेवरची माया खरी आहे. तरी मला वाटते, कमान राहू द्यावी. जमलेल्या पैशांचा कायम निधी करावा. त्याच्या व्याजातून दरवर्षी वाचनालयात पुस्तके यावीत आणि दहावीनंतर बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या गरजू मुला-मुलींची फी भरली जावी. हिशेब दरवर्षी मेळाव्यात वाचून दाखवावा, आणि दर तीन वर्षांनी खालच्या बॅचच्या हाती कारभार द्यावा, म्हणजे आपण नसलो तरी काम थांबणार नाही.

माझी पहिली देणगी मी कोषाध्यक्षांकडे दिली आहे. पावतीवर फक्त बॅचचे वर्ष लिहायला सांगितले आहे.